क्रिकेटमधून आलेल्या मुलाचा बेसबॉल स्विंग : अंगात ताकद असूनही चेंडू जमिनीवरूनच का जातो?

प्रश्न : क्रीडाशिक्षक, अंबाजोगाई

नमस्कार. मी अंबाजोगाईच्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. शालेय स्पर्धांसाठी आमचा १७ वर्षांखालील मुलांचा बेसबॉल संघ आहे आणि त्यातली बहुतेक मुले क्रिकेट खेळत मोठी झालेली आहेत. त्यांपैकी एका मुलाविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. तो उजव्या हाताने खेळतो. शेतातल्या कामामुळे त्याचे खांदे आणि दंड चांगले भरलेले आहेत, आणि टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये तो सहज षटकार मारतो. बेसबॉलमध्ये मात्र त्याचा फटका बहुतेक वेळा जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) किंवा तिसऱ्या बेसकडे जातो, आणि तो पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या पहिल्या थांब्यावर) पोहोचायच्या आत चेंडू तिथे पोहोचलेला असतो. प्लेटच्या (बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या खुणेच्या) बाहेरच्या, म्हणजे त्याच्यापासून लांबच्या, कडेवरचा चेंडू त्याला सहसा लागत नाही, आणि लागलाच तर बॅटच्या टोकाला लागून मरतुकडा उडतो.

मला दिसते ते एवढे : तो पुढचा पाय लांब टाकतो, पुढचा गुडघा वाकलेलाच राहतो आणि त्याचे डोके पायाबरोबर पुढे जाते. वेगवेगळ्या शिबिरांत त्याला वेगवेगळ्या सूचना मिळाल्या आहेत. कोणी सांगितले की चेंडूवर वरून खाली मार. कोणी सांगितले की खालून वर उचल. कोणी मागच्या पायाने किडा चिरडल्यासारखा पाय फिरवायला सांगितले. ताकद नेमकी कोठून येते, बॅटचा मार्ग कसा असावा, आणि क्रिकेटच्या कोणत्या सवयी मोडाव्यात व कोणत्या ठेवाव्यात, हे कारणांसह समजले तर मला मुलांना नीट सांगता येईल.

उत्तर १ : माजी विद्यापीठ कॅचर, छत्रपती संभाजीनगर

सर, तुम्ही केलेले वर्णन इतके स्पष्ट आहे की मुलाला न पाहताही कारणाचा अंदाज करता येतो. माझ्या मते त्याचे मनगट फार लवकर उलटते आणि त्याचे मूळ क्रिकेटच्या पुल शॉटमध्ये आहे. क्रिकेटमध्ये टप्पा पडून वर येणारा चेंडू आडव्या बॅटने मारताना तो हवेत जाऊ नये म्हणून मनगटे वळवून चेंडू खाली ठेवायला शिकवतात, आणि तिथे ते योग्यच आहे, कारण झेल गेला तर डाव संपतो आणि जमिनीवरून गेलेला चेंडू चौकार मिळवून देतो. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता, वरून खाली उतरत येतो आणि इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या आतल्या मैदानात, चार क्षेत्ररक्षक जमिनीवरच्या चेंडूचीच वाट पाहत उभे असतात. बॅट चेंडूला भिडण्याच्या क्षणी उजवा हात डाव्या हातावरून पालथा पडू लागला, तर बॅटचा पृष्ठभाग चेंडूच्या वरच्या भागावर घसरतो आणि चेंडू डावीकडे जमिनीत जातो. तुमचा मुलगा नेमके हेच करत असावा.

चेंडू लागतो त्या क्षणी उजवा तळहात आकाशाकडे आणि डावा तळहात जमिनीकडे असायला हवा. मनगटे उलटतात, पण ती चेंडू निघून गेल्यावर, दोन्ही हात चेंडूच्या दिशेने पूर्ण लांब झाल्यानंतर. मुलाला 'मनगट वळवू नकोस' असे सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण इतक्या कमी वेळात मनगटाकडे लक्ष देणे शक्य नसते. त्याऐवजी चेंडू दुसऱ्या बेसच्या डोक्यावरून सरळ मारायला सांगावे. लक्ष्य बदलले की हात आपोआप जास्त वेळ चेंडूमागे राहतात.

आता ताकदीविषयी. स्विंगची ताकद जमिनीतून येते, आणि ती पाय, कंबर, धड, हात आणि बॅट या क्रमाने वर चढते. आपल्याकडे ज्वारीच्या रानात पाखरे हाकलताना गोफण फिरवणारा माणूस पाहावा : त्याचा हात थांबतो तेव्हा दगड सुटतो, आणि दगडाचा वेग हाताच्या वेगाच्या कितीतरी पट असतो. स्विंगमध्येही शरीराचा प्रत्येक भाग आधी वेग घेतो, मग मंदावतो आणि आपला वेग पुढच्या भागाला देतो. कंबर सगळ्यात आधी आपला सर्वाधिक वेग गाठते, तिच्यामागून खांदे, मग हात आणि अखेरीस बॅट. सगळे भाग एकदम वळले तर हा वेग साचत नाही, आणि हात आधी सुटले तर पायांची ताकद वायाच जाते. दंड भरलेल्या मुलांच्या बाबतीत हे विशेष घडते, कारण त्यांना दंडावर विश्वास असतो.

यात निर्णायक काम पुढच्या पायाचे आहे. तो जमिनीवर टेकतो तेव्हा कंबर उघडू लागलेली असते, पण खांदे अजून बंद असतात, आणि कमरेपासून छातीपर्यंत जो पीळ पडतो त्यातूनच स्विंगला वेग मिळतो. त्यानंतर पुढचा गुडघा ताठ होत जातो, शरीराची पुढे जाण्याची गती तिथे अडते आणि तिचे वळण्यात रूपांतर होते. क्रिकेटचा ड्राइव्ह मारताना पुढचा गुडघा वाकवून डोके चेंडूच्या वर न्यावे लागते. इथे तीच सवय अडथळा होते, कारण गुडघा वाकलेला राहिला तर शरीराला अडवणारे काहीच उरत नाही, ते पुढे वाहत जाते, आणि डोके पुढे-खाली गेल्यामुळे येणारा चेंडू आहे त्यापेक्षा अधिक वेगाने आल्यासारखा भासतो. म्हणून खांद्यांपेक्षा थोडे रुंद उभे राहून पाऊल लहान टाकावे, ते हलके टेकावे, आणि टेकल्यानंतर डोके शक्य तितके जागच्या जागी राहावे.

मागच्या पायाने किडा चिरडण्याची सूचना मला कधीच पटलेली नाही. मागची टाच उचलली जाते ती कंबर वळल्याचा परिणाम म्हणून, आणि चांगल्या बॅटरच्या मागच्या पायावर चेंडू लागताना फारसे वजन उरलेलेच नसते. अनेकदा चवडा थोडा ओढला जातो किंवा क्षणभर जमीन सोडतो. केवळ पाय फिरवायला शिकवले तर मुलगा पाय फिरवतो आणि कंबर मागेच राहते.

बाहेरच्या चेंडूचे कारणही यातच दडलेले आहे. आतला, म्हणजे अंगाजवळचा, चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे भिडवावा लागतो, मधला साधारण पुढच्या पायाच्या रेषेत, आणि बाहेरचा त्याहून मागे, प्लेटवर येऊ देऊन. जो मुलगा प्रत्येक चेंडू पुलसारखा पुढे जाऊन मारतो, त्याचा पुढचा खांदा लवकर उघडतो आणि बाहेरच्या चेंडूपर्यंत फक्त बॅटचे टोक पोहोचते. बाहेरचा चेंडू उजवीकडे, पहिल्या व दुसऱ्या बेसमधल्या जागेकडे मारण्याचा सराव त्याच्याकडून वेगळा करून घ्यावा.

उत्तर २ : पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, नांदेड

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. 'वरून खाली की खालून वर' या प्रश्नाला मात्र आकड्यांच्या आधारे थोडे उत्तर देतो.

पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर आहे, आणि पिचर पुढे पाऊल टाकून चेंडू सोडत असल्यामुळे प्रत्यक्ष प्रवास त्याहून सुमारे दीड-दोन मीटरने कमी होतो. ताशी १५० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो आणि ताशी १०० किलोमीटरचा चेंडू सुमारे ०.६ सेकंदात. बॅट फिरायला लागल्यापासून चेंडूला भिडेपर्यंत साधारण ०.१५ सेकंद लागतो. उरलेल्या वेळात चेंडू ओळखून मारायचे की सोडायचे हे ठरवावे लागते, म्हणून स्विंग आखूड आणि मोकळा असण्याला महत्त्व आहे : स्विंगला जितका कमी वेळ, तितका पाहायला अधिक वेळ.

चेंडू प्लेटवर पोहोचताना क्षितिजसमांतर नसतो. पिचर उंचवट्यावरून टाकतो आणि गुरुत्वाकर्षण चेंडूला खाली ओढते, त्यामुळे वेगवान चेंडूसुद्धा सुमारे ६ अंशांच्या उतारावर येतो आणि शालेय पातळीवरचा संथ चेंडू त्याहून अधिक उतारावर. बॅट या रेषेच्या विरुद्ध दिशेने, तितक्याच चढावर जात असेल तर बॅट आणि चेंडू बराच काळ एकाच रेषेत राहतात आणि वेळेत थोडी चूक झाली तरी दोघांची गाठ पडते. बॅट वरून खाली येत असेल तर दोन्ही मार्ग एकमेकांना एकाच ठिकाणी छेदतात, आणि ते ठिकाण जरासे चुकले की चेंडूच्या डोक्यावर फटका बसतो. १९४१ च्या हंगामात .४०६ ची सरासरी (म्हणजे दर हजार संधींमागे ४०६ यशस्वी फटके) राखणारे अमेरिकी बॅटर टेड विल्यम्स हेही किंचित वर जाणाऱ्या स्विंगचाच आग्रह धरत असत. अमेरिकेतल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन मोठ्या लीगमध्ये त्यानंतर पूर्ण हंगामात .४०० चा पल्ला कोणत्याही बॅटरला गाठता आलेला नाही.

इथे 'किंचित' हा शब्द गांभीर्याने घ्यावा. चेंडूचा व्यास सुमारे २.९ इंच असतो आणि बॅटची जाडी जास्तीत जास्त २.६१ इंच. दोन गोल वस्तू एकमेकींवर आदळतात, त्यामुळे बॅटचा मध्य चेंडूच्या मध्याच्या अर्धा इंच खाली असला, तर आदळण्याची दिशा सुमारे १० अंशांनी वर वळते, आणि एक इंच खाली असला तर २० अंशांहून थोडी अधिक. म्हणजे उपयुक्त लाइन ड्राइव्ह (सपाट, वेगवान फटका) आणि इनफिल्डमध्ये उंच उडणारा निरुपयोगी झेल यांच्यात इंचभराचेच अंतर आहे. मुद्दाम मोठा चढ घेणारा मुलगा चेंडूच्या खालून जातो किंवा हवेत उंच झेल देतो.

वेळेचा हिशेबही तितकाच कठोर आहे. शालेय बॅटरची बॅट सेकंदाच्या शंभराव्या भागात १५ ते २० अंश वळते, त्यामुळे एवढीशी घाई मधला फटका बराच डावीकडे, शॉर्टस्टॉपच्या बाजूला वळवते.

एक आकडा मुलांना जरूर सांगावा. लाकडी बॅटच्या योग्य भागावर, म्हणजे टोकापासून सुमारे ५ ते ७ इंचांवर, चेंडू सरळ बसला तर त्याचा परतीचा वेग साधारणपणे पिचच्या (पिचरने टाकलेल्या चेंडूच्या) वेगाचा पाचवा हिस्सा अधिक बॅटच्या वेगाच्या १.२ पट इतका असतो. पिचचा वेग ताशी १०० किलोमीटर आणि बॅटचा ९० असेल, तर चेंडू सुमारे १२८ च्या वेगाने निघतो. पिचरने १० किलोमीटर जास्त वेग दिला तर फटक्यात केवळ २ किलोमीटरची भर पडते, पण बॅटचा वेग १० ने वाढला तर १२ ची. संथ चेंडूवरही लांब फटका मारता येतो तो यामुळेच, आणि संपूर्ण शरीराचा क्रम जुळवण्यासाठी एवढे कष्ट घ्यायचे तेही यामुळेच.

उत्तर ३ : प्रशिक्षक, लातूर

'वरून खाली मार' ही सूचना मीही अनेक वर्षे दिली आहे आणि ती पूर्णपणे चुकीची ठरवली जाऊ नये असे मला वाटते. प्राध्यापक सरांचे गणित मला मान्य आहे. पण काही मुलांचा मागचा खांदा आधीच खाली पडलेला असतो, बॅटचे टोक कमरेच्या खाली लोंबते आणि ती विहिरीतून पाणी शेंदावे तशी बॅट वर ओढतात. अशा मुलाला 'किंचित वर' सांगितले तर तो आणखी खाली झुकतो, आणि 'वरून खाली' सांगितले की त्याची बॅट प्रत्यक्षात समतल किंवा थोडी चढती होते, कारण माणसाला वाटते ते आणि तो करतो ते सारखे नसते. सूचना मुलाप्रमाणे बदलावी लागते. अंबाजोगाईच्या सरांच्या मुलाचा दोष उलट्या बाजूचा आहे, तेव्हा त्याला ही सूचना देऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे.

माझा अनुभव असा की पहिली हालचाल जवळजवळ सगळ्यांची खालीच असते : हात खांद्याच्या उंचीवरून सुरू होतात आणि चेंडू कमरेच्या उंचीवर असतो. बॅटने चेंडूच्या रेषेत लवकर यावे आणि तिथून पुढे किंचित चढत जावे. यासाठी मागचे कोपर बरगडीजवळून पुढे आले पाहिजे आणि बॅटच्या मुठीचे टोक आधी चेंडूकडे वळले पाहिजे. कोपर अंगापासून दूर गेले की बॅट बाहेरून मोठा वळसा घेते, आणि आतला चेंडू मुठीजवळ लागून हाताला झिणझिण्या आणतो.

उत्तर ४ : सॉफ्टबॉल खेळाडू, परभणी

मी अनेक वर्षे सॉफ्टबॉल खेळले आहे आणि आता मुलींना शिकवते. वरची चर्चा सॉफ्टबॉललाही लागू आहे, पण एक फरक लक्षात ठेवावा. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचे अंतर ४३ फूट असते आणि चेंडू कमरेच्या खालून सुटतो, त्यामुळे तो बेसबॉलइतक्या उतारावर येत नाही, विशेषतः उंच येणारा चेंडू. तिथे बॅट जवळजवळ समतल ठेवलेली बरी. मुला-मुलींचा सराव एकत्र घेणाऱ्या शिक्षकांनी दोघांना एकच कोन शिकवू नये.

सर, तुमच्या मुलासाठी मी सर्वांत आधी टीवरचा (चेंडू वर ठेवून मारण्याच्या उभ्या दांडीवरचा) सराव सुचवेन. विकतची टी महाग वाटत असेल तर जाड पीव्हीसी पाइप सिमेंटच्या डब्यात उभा करून त्याच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा वीतभर तुकडा बसवला की काम भागते; बॅट लागली तरी रबर वाकते आणि मनगटाला दणका बसत नाही. मागे शेडनेटची दोन पदरी जाळी बांधावी, ती आपल्याकडे कोणत्याही कृषी दुकानात मिळते. टी प्लेटच्या मधोमधच उभी करण्याचा मोह टाळावा. तिची जागा आत-बाहेर बदलावी आणि बाहेरच्या चेंडूसाठी ती मागे सरकवावी, म्हणजे कोणता चेंडू कोठे भिडवायचा हे शरीराला कळते.

मनगट लवकर उलटणाऱ्या मुलींकडून मी केवळ उजव्या हाताने, हलकी आखूड बॅट घेऊन, टीवरचे चेंडू मारून घेते. एका हाताने मारताना मनगट आधी उलटले तर चेंडू लगेच जमिनीत जातो, म्हणून चूक त्यांची त्यांनाच दिसते.

जमिनीचाही विचार करावा. काळ्या रानावर सराव असेल तर उन्हाळ्यात भेगा पडतात, पुढचा पाय त्यात अडकतो किंवा घसरतो, आणि मुलगी नकळत पाय जपून टाकू लागते. मग पुढचा पाय ताठ करून थांबण्याची सवय लागत नाही. बॅटरच्या चौकटीपुरता तरी मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मस करून घ्यावा. आणि एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत स्विंगचा सराव आटोपावा. थकलेल्या शरीराचा क्रम सर्वांत आधी बिघडतो आणि तोच बिघडलेला क्रम अंगवळणी पडतो.

मूळ प्रश्नकर्ता : क्रीडाशिक्षक, अंबाजोगाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुल शॉटचे कारण वाचल्यावर अनेक गोष्टींचा उलगडा झाला, कारण आमच्या संघातल्या आणखी दोन-तीन मुलांचे फटके असेच जातात. दोन शंका उरतात. मुलाचा क्रम चुकतो आहे की नाही हे साध्या डोळ्यांनी मला दिसत नाही, ते कसे तपासावे? आणि त्याला जड बॅट द्यावी की हलकी? तो स्वतः जड बॅट मागतो.

उत्तर ५ : माजी विद्यापीठ कॅचर, छत्रपती संभाजीनगर

सर, पूर्ण स्विंग ०.१५ सेकंदाचा असतो, त्यामुळे तो साध्या डोळ्यांनी कोणालाच नीट दिसत नाही. मोबाइलवर साधे चित्रण सेकंदाला ३० चौकटींचे असते, म्हणजे सगळा स्विंग चार-पाच चौकटींत संपतो. आता पुष्कळ फोनमध्ये सेकंदाला २४० चौकटींचे संथ चित्रण करता येते आणि त्यात त्याच स्विंगच्या ३६ चौकटी मिळतात. फोन मुलाच्या छातीसमोर, प्लेटच्या पलीकडे सुरक्षित अंतरावर, कमरेच्या उंचीवर ठेवावा. टीवरच्या सरावाचे चित्रण करणे सोपे आणि निर्धोक असते.

चित्रणात पुढची टाच जमिनीला टेकते ती चौकट आधी शोधावी. तिथे हात अजून मागच्या खांद्याजवळ असले पाहिजेत आणि छाती प्लेटकडेच असली पाहिजे. हात तोवर पुढे आलेले असतील तर तो दंडाने मारतो आहे. मग काही चौकटी पुढे जाऊन पट्ट्याचे बक्कल पाहावे : बक्कल पिचरकडे वळू लागलेले आणि छाती मागे राहिलेली दिसली तर क्रम बरोबर आहे. त्यानंतर चेंडू लागतो त्या चौकटीत पुढचा गुडघा आणि उजवा तळहात तपासावा. पहिल्या चौकटीपासून इथपर्यंत डोके किती सरकले तेही पाहावे; पडद्यावर डोक्याच्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवलेला कागद धरला तरी ते कळते.

बॅटच्या बाबतीत मी त्याला हलकी बॅटच देईन. जड बॅट तितक्याच वेगाने फिरवता आली तर फटका जोरदार बसतो हे खरे, पण या वयात ती तितक्या वेगाने फिरत नाही, आणि प्राध्यापक सरांनी दाखवलेल्या हिशेबात बॅटचा वेगच सर्वाधिक मोलाचा आहे. शिवाय जड बॅट थांबवता येत नाही, म्हणून मुलगा आधीच मारायचे ठरवून टाकतो आणि वाईट चेंडूवरही बॅट फिरवतो. पारख सोपी आहे : उजवा हात सोडून, डाव्या हाताने बॅट मुठीच्या टोकाशी धरून खांद्याच्या उंचीवर आडवी पसरावी. काही क्षणांतच टोक खाली झुकू लागले तर ती बॅट त्याच्यासाठी जड आहे.

क्रिकेटच्या कोणत्या सवयी ठेवाव्यात हेही तुम्ही विचारले होते. चेंडू हातातून सुटतानाच त्याची शिवण आणि फिरकी ओळखणारी नजर ठेवावी, कारण पिचरच्या हातावरून नजर न हलवण्याची ही शिस्त क्रिकेट खेळलेल्या मुलांमध्ये आधीच तयार असते. चेंडू सोडून देण्याचा संयमही ठेवावा. चार 'बॉल', म्हणजे मारण्याच्या टप्प्याबाहेर पडलेले आणि सोडून दिलेले चार चेंडू, मिळाले की पहिला बेस न मारता मिळतो, हे मात्र त्याला वेगळे समजावून सांगावे लागेल, कारण क्रिकेटमध्ये वाइड चेंडू सोडून एकच धाव मिळते आणि टेनिस बॉलच्या सामन्यांत तर प्रत्येक चेंडू मारायचीच सवय झालेली असते.